वेग, भिंत आणि मान

ट्रक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुणे-बंगळूर महामार्गावरचे, माल खच्चून भरलेले धूड उभे राहते. घरातली कानडी मंडळी त्यालाच लॉरी म्हणतात, एवढाच काय तो फरक. अशा गाड्यांची कोणी शर्यत लावतो असे सांगितले तर हसूच येईल. पण अमेरिकेत ट्रक हा शब्द पिकअप गाडीलाही वापरतात. पुढे चालकाची केबिन, मागे सामानाचा उघडा हौदा. शेतकरी, सुतार, गवंडी अशांची ती रोजची गाडी. याच गाड्यांच्या शर्यतींची मालिका ‘नॅसकार’ या संस्थेने १९९५ मध्ये सुरू केली आणि ती आजही चालू आहे.

या शर्यतींना ‘स्टॉक’ म्हणतात, म्हणजे दुकानातून आणलेली जशीच्या तशी गाडी. प्रत्यक्षात पिकअपचा फक्त चेहरामोहरा उरला आहे. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, आठ सिलिंडरचे इंजिन आणि एकच खुर्ची. वजन सुमारे दीड टन, आणि मोठ्या मैदानावर वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात!

एवढ्या वेगात वळायचे कसे? याचे उत्तर रस्त्यातच आहे. फ्लोरिडातील डेटोना येथील धावमार्ग १९५९ मध्ये खुला झाला. लांबी अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर. वळणांवर हा रस्ता आतल्या बाजूला तब्बल ३१ अंशांनी कलता आहे. त्यासाठी मैदानाच्या मधोमध माती खणली आणि त्या खड्ड्याचे पुढे तळेच झाले. चोर्ला घाटात वळणावर रस्त्याची बाहेरची कड जरा उचललेली असते, त्याच युक्तीचे हे राक्षसी रूप. वळताना गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते. कलता रस्ता तिला आत रेटतो आणि टायरवरचा सगळा ताण येत नाही. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकल भिंतीवरून फिरते, तिथेही वेगामुळेच गाडी भिंतीला दाबून राहते.

पण या सोयीला दुसरी बाजू आहे. वळणावर ब्रेक लावावा लागत नाही, म्हणून कोणी मागे पडत नाही. पिकअपची उंच केबिन हवेला मोठे भगदाड पाडते, मागच्याला त्या आडोशात आयता वेग मिळतो. त्यामुळे सगळे घोळक्याने धावतात, आणि एक चुकला की दहा जण सापडतात.

१८ फेब्रुवारी २००० रोजी डेटोनावर ट्रकांची पहिली शर्यत झाली. शंभर फेऱ्यांपैकी ५७ वी चालू होती. घोळक्यात ट्रक एकमेकांना लागले आणि जेफ बोडाइन यांचा ट्रक उडून प्रेक्षकांपुढच्या तारेच्या कुंपणावर आदळला. त्याने पेट घेतला, कोलांट्या खाल्ल्या, तुकडे चहूकडे उडाले. काही प्रेक्षकही जखमी झाले. पाहणाऱ्यांना वाटले, माणूस गेला. पण बोडाइन वाचले! मनगट, घोटा आणि मणका मोडला, तरी मे महिन्यात ते पुन्हा शर्यतीत उतरले.

बरोबर एका वर्षाने, १८ फेब्रुवारी २००१ रोजी, त्याच मैदानावर मोटारींच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांची गाडी भिंतीला धडकली. ना आग, ना कोलांट्या. पाहणाऱ्यांना ती साधीच धडक वाटली. पण त्या काळचा हा सर्वांत नावाजलेला चालक त्यात दगावला.

असे का व्हावे? बोडाइन यांच्या ट्रकचा वेग तुकडे उडता उडता, लोळता लोळता ओसरला. अर्नहार्ट यांचा वेग क्षणात संपला. पट्ट्यांनी धड खुर्चीला बांधलेले, डोके मात्र मोकळे. धड थांबले, डोके पुढे गेले आणि कवटीचा तळ भंगला. आदल्याच वर्षी ॲडम पेटी आणि केनी आयर्विन असेच गेले होते. ऑक्टोबर २००० मध्ये टेक्सासच्या ट्रक शर्यतीत टोनी रोपर मानेच्या इजेने गेले. ॲडम तर अवघा १९ वर्षांचा होता.

मनाला चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. यावरचा उपाय तेव्हा बाजारात होता. मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकातच एक पट्टा तयार केला होता. खांद्यांवर बसणारी जाड कॉलर, तिला शिरस्त्राण दोन दोऱ्यांनी जोडलेले. डोके धडाबरोबरच थांबते, इतके साधे. पण ‘अवघडल्यासारखे होते’ म्हणून बहुतेक चालक तो घालत नसत. अखेर ऑक्टोबर २००१ मध्ये नॅसकारने असे साधन सक्तीचे केले. २००२ पासून काँक्रीटच्या भिंतींपुढे पोलाद आणि फोम यांची, धक्का सोसणारी भिंतही उभी राहू लागली. अर्नहार्ट यांच्यानंतर २०२४ अखेरपर्यंत नॅसकारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत, ट्रकांसह, शर्यतीत एकही चालक मरण पावला नाही. वेग काही फार उतरलेला नाही. बदलली ती सवय.

वाचकहो, अवघडल्यासारखे होते हे कारण आपल्याही ओळखीचे आहे ना? आपल्याकडे हेल्मेट आरशाला लटकलेले असते, नाहीतर डोक्यावर असूनही त्याचा पट्टा मोकळा असतो. केस विस्कटतात, उकडते, जवळच तर जायचे आहे! तीनशेच्या वेगाने धावणाऱ्यांनाही हे समजायला चार माणसे गमवावी लागली. मुलगा गाडीची किल्ली घेऊन निघाला की मराठी आजी ‘सावकाश जा’ म्हणते आणि कानडी अज्जी ‘सावकाश होगु’. दोन्ही भाषांत शब्द एकच आहे. त्याच्या जोडीला आता एवढेच विचारा, ‘पट्टा लावलास का?’