नवा लॅपटॉप आणि काळा चौकोन

लिनक्सवर वेबकॅम चालत नाहीये असा कुणाचा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, "लॅपटॉप केवढ्याला घेतला?" चार-पाच वर्षं जुना, स्वस्तातला असेल तर मी निर्धास्त असतो. दहा मिनिटांचं काम. पण समोरचा जरा अभिमानानेच "अरे, एकदम स्लिम आहे, गेल्याच महिन्यात घेतला, लाखाच्या वर गेला" असं म्हणाला, की मी आधी चहा टाकायला उठतो. कारण आता शनिवार गेला!

हे उलटं आहे, कळतंय ना? जितका महाग आणि नवा लॅपटॉप, तितका त्याचा कॅमेरा आंधळा असण्याची शक्यता जास्त. आणि मग सगळ्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "घे अजून लिनक्स!" माझं म्हणणं एवढंच की हा राग चुकीच्या पत्त्यावर जातोय. पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आधी सोपी केस उरकून टाकू. टर्मिनल उघडायचं, एलएसयूएसबी मारायचं. यादीत कॅमेरा दिसला तर अर्धी लढाई जिंकली. मग भानगड बहुतेक वरच्या मजल्यावर असते: ब्राउझरने परवानगी नाकारलेली, नाहीतर दुसरं एखादं ॲप कॅमेरा धरून बसलेलं. कधीकधी एकाच कॅमेऱ्याची व्हिडिओ० आणि व्हिडिओ१ अशी दोन नावं दिसतात आणि माणूस दुसऱ्यातून चित्र यायची वाट बघत बसतो. ते येत नाही, कारण २०१८ च्या ४.१६ कर्नलपासून ते दुसरं नाव फ्रेमसोबतच्या माहितीसाठी आहे, चित्रासाठी नाही. कॅमेरा यादीत दिसतच नसेल तर लॅपटॉपच्या कडेला एखादं बारीक बटण आहे का बघा, फंक्शन कीच्या रांगेत कॅमेऱ्यावर काट मारलेलं चित्र आहे का बघा, बायोसमध्ये कॅमेरा बंद तर नाही ना ते बघा. काही मॉडेलांमध्ये ते बटण यूएसबीचं कनेक्शनच तोडतं, त्यामुळे कॅमेरा जणू जन्मालाच आला नव्हता असा नाहीसा होतो. (हे बटण मला मनापासून आवडतं. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावणाऱ्या आमच्या पंथाला शेवटी न्याय मिळाला.)

हे सगळं करूनही यादीत काहीच नाही, तर मग ती दुसरी केस. तिच्याविषयीच बोलायचंय.

वेबकॅमचा आणि लिनक्सचा इतिहास वाचला तर एखाद्या एकत्र कुटुंबातल्या भांडणासारखा आहे. २००४ साली फिलिप्सच्या वेबकॅमसाठी पीडब्ल्यूसी नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये होता. नेमोसॉफ्ट या टोपणनावाने वावरणाऱ्या एका माणसाने तो लिहिलेला. कंपनीशी गुप्ततेचा करार असल्यामुळे मोठ्या आकाराचं चित्र उलगडणारा भाग त्याला उघड करता येत नव्हता, म्हणून तो बंद मोड्यूलमध्ये ठेवलेला आणि कर्नलमध्ये त्याला टांगायला एक खुंटी. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ती खुंटी काढून टाकली, की बंद कोडसाठी कर्नलमध्ये सोय ठेवणार नाही. नेमोसॉफ्ट चिडले, म्हणाले मग माझा ड्रायव्हरच काढा. काढला! लोकांचे चालू कॅमेरे बंद पडले. पुढे ल्यूक सैलार नावाच्या माणसाने तो बंद भाग उलटा उसवून ड्रायव्हर परत उभा केला. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन, त्यामुळे हे सगळं ऐकीव, पण जुन्या मेलिंग लिस्ट वाचताना आजही रंगायला होतं.

त्याच काळात फ्रान्समध्ये मिशेल झार नावाचे एक डॉक्टर (इंजिनीअर नव्हे, पेशंट तपासणारे डॉक्टर) फावल्या वेळात शेकडो वेगवेगळ्या वेबकॅमसाठी जीएसपीसीए हा ड्रायव्हर लिहीत होते. शेकडो कॅमेरे, प्रत्येकाची बोली वेगळी, आणि हा माणूस दवाखाना सांभाळून ते एकेक शिकत होता. आपण वीकेंडला वेबसीरिज संपवतो, असो.

हा गोंधळ मिटला तो कुणाच्या पराक्रमाने नाही. मिटला एका कंटाळवाण्या कागदामुळे. यूव्हीसी, म्हणजे यूएसबी व्हिडिओ क्लास, हे मानक २००३ साली आलं. म्हणणं साधं: कॅमेरा कुणीही बनवा, पण संगणकाशी बोलायची भाषा एकच. मग एक गंमत झाली. विंडोज व्हिस्टाचा लोगो लावायचा तर कॅमेरा यूव्हीसी हवा अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली. बनवणाऱ्यांना लोगो हवाच होता. इकडे लॉराँ पिंशार यांनी लिहिलेला यूव्हीसीचा ड्रायव्हर जुलै २००८ च्या २.६.२६ कर्नलमध्ये आला, आणि एका ड्रायव्हरमध्ये जगभरचे कॅमेरे चालू लागले. म्हणजे लिनक्सवाल्यांचे वेबकॅम चालण्यात व्हिस्टाचा हात आहे. हे वाक्य एखाद्या लिनक्स यूजर ग्रुपच्या मीटिंगमध्ये मोठ्याने म्हणून बघा.

तेव्हाही गमतीजमती होत्याच. काही लॅपटॉपांत कॅमेरा चक्क उलटा बसवलेला असायचा आणि विंडोजचा ड्रायव्हर चित्र गुपचूप सरळ करायचा. लिनक्सला हे गुपित कुणी सांगितलेलंच नाही, त्यामुळे माणूस वटवाघळासारखा लटकलेला दिसायचा. त्यावर हान्स द खुडे यांच्या लिबव्ही४एलमध्ये एक यादीच होती, की अमुक मॉडेल असेल तर चित्र उलटं कर. जगातल्या आळशी जुळणीची ती नोंदवहीच म्हणा.

पण निदान चित्र यायचं! ही पंधराएक वर्षं सुखाची गेली. माझा इंजिनीअरिंगचा पहिला लॅपटॉप याच काळातला. त्याचं वायफाय रुसायचं, प्रिंटर तर सगळ्यांचेच रुसतात, कॅमेऱ्याने कधी कुरकुर केली नाही. आपल्याला वाटलं हा प्रश्न कायमचा सुटला.

आता नव्या लॅपटॉपात काय होतं ते बघा. यूव्हीसी कॅमेऱ्यात सेन्सरशेजारी स्वतःची छोटी चिप असते. सेन्सर देतो तो कच्चा माल: प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यातला एकच रंग ठाऊक. त्यावरून पूर्ण रंग काढणं, उजेड सांभाळणं, पांढरं पांढरं दिसेल असं बघणं, हा सगळा स्वयंपाक ती चिप करते आणि आपल्यापुढे वाढलेलं ताट येतं. नव्या सडपातळ लॅपटॉपांमध्ये ही चिप काढून टाकली. मोबाइलसारखा नुसता सेन्सर एमआयपीआय नावाच्या जोडणीने थेट प्रोसेसरला जोडला आणि स्वयंपाक प्रोसेसरमधल्या एका खास भागाकडे दिला. इंटेलच्या त्या भागाचं नाव आयपीयू६. जागा वाचते, वीज वाचते, आणि नीट केलं तर चित्रही खरंच चांगलं येतं. तंत्र म्हणून मला यात वावगं काही दिसत नाही.

वावगं हे, की ताट गेलं आणि समोर तांदूळ, डाळ, गॅस ठेवला, पण रेसिपी कपाटात कुलूपबंद. उजेड आणि रंग ठरवणारं गणित बंद लायब्ररीत. विंडोजसाठी ते पहिल्या दिवसापासून तयार, लिनक्ससाठी वेगळे ड्रायव्हर, वेगळं फर्मवेअर, बंद लायब्ररी, वर तयार चित्र खोट्या कॅमेऱ्यात ओतणारा एक मध्यस्थ. कर्नल अपडेट झालं की मोड्यूल परत बांधा, सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर सही करा. २०२२ साली अशा कॅमेऱ्यांच्या लॅपटॉपांपासून तूर्त दूरच राहा असा जाहीर सल्ला कर्नलच्या एका बड्या माणसाने दिला. कोण? तेच, २००४ साली खुंटी काढणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन. अठरा वर्षांनी भांडण तेच, फक्त घर बदललं.

पुढे सुधारणा झाली, नाही असं नाही. आयपीयू६ चा सेन्सरकडून माल उतरवून घेणारा भाग २०२४ च्या ६.१० कर्नलमध्ये आला. स्वयंपाकाची रेसिपी नाही म्हटल्यावर लिबकॅमेराच्या मंडळींनी तो सरळ सीपीयूवर करायची सोय केली, आणि फेडोरा ४१ मध्ये ती वापरायला मिळाली. या कामातही हान्स द खुडे होतेच. उलटी चित्रं सरळ करणारा माणूस सोळा वर्षांनी तेच निस्तरतोय हे बघून मला हसावं की रडावं कळत नाही. पण हेही अर्धंच. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, शिवाय त्याची वीज कुठून चालू होते हे त्या त्या लॅपटॉपप्रमाणे वेगळं. तुमच्या मॉडेलचा सेन्सर यादीत नसेल तर बाकी सगळं असून काही उपयोग नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका वेबकॅमसाठी किती रडशील? म्हणून मावसभावाचं सांगतो. पोरगं सांगलीला बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला. काकांनी हप्त्यावर चांगला लॅपटॉप घेऊन दिला. प्रोजेक्टसाठी त्याने लिनक्स टाकलं, आणि पठ्ठ्याने विंडोज पुसूनच टाकलं. मग एका कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आला. मेलमध्ये ठळक अक्षरात: कॅमेरा पूर्ण वेळ चालू हवा. हल्ली इंटरव्ह्यूला डमी बसवण्याचे प्रकार होतात, त्यामुळे कंपन्यांचंही अगदी चूक नाही. पण काळा चौकोन दिसला की समोरच्याच्या मनात पहिली शंका ड्रायव्हरची येत नाही, लबाडीची येते. आदल्या रात्री पोराचा फोन, "दादा, कॅमेराच नाहीये रे यात." म्हणजे आहे, डोळ्यासमोर दिसतोय, पण नाहीये. लॅपटॉपच्या कंपनीला फोन लावला तर उत्तर: विंडोजवर चालतो ना, मग हार्डवेअरमध्ये दोष नाही, हे वॉरंटीत बसत नाही. विषय संपला!

शेवटी काय केलं? त्याच्या मित्राच्या फोनमध्ये ॲन्ड्रॉइड १४ ची वेबकॅमची सोय होती. फोन यूएसबीने जोडला, तो यूव्हीसी कॅमेरा बनून उभा राहिला, आणि लिनक्सने एका सेकंदात ओळखला. २००८ सालचा तोच ड्रायव्हर. इंटरव्ह्यू झाला, फोन पुस्तकांच्या ढिगावर तिरका टेकवून. आणि हप्त्यावर घेतलेल्या लॅपटॉपचा स्वतःचा डोळा शेजारी मिटलेला.

यावर मला तीन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला, विंडोज टाक. बरोबर, चालेल. पण पैसे भरून घेतलेल्या वस्तूवर काय चालवायचं हे मालकाने ठरवायचं की कॅमेऱ्याने? दुसरा, हजार-दोन हजाराचा यूएसबी वेबकॅम घे. हा सल्ला मीही देतो, व्यवहारात तोच शहाणपणाचा. पण त्यात आपण एका कॅमेऱ्याचे दोनदा पैसे देतोय हे विसरू नका. तिसरा आमच्याच लिनक्सवाल्यांचा: घेताना अभ्यास करायला हवा होता. हा मला सगळ्यात जास्त लागतो. अरे कसला अभ्यास? बॉक्सवर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे असतं, यूएसबी की एमआयपीआय हे नसतं. सेन्सरचं नाव तर दुकानदाराच्या बापालाही माहीत नसतं. जी माहिती छापतच नाहीत ती वाचली नाही म्हणून गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायचं, ही आपल्या लोकांची फार वाईट खोड आहे.

माझी मागणी काही क्रांतिकारी नाही. बंद लायब्ररी उघडा असंही मी म्हणत नाही (उघडली तर पेढे वाटीन). कॅमेरा यूव्हीसी आहे की नाही हा एक शब्द बॉक्सवर छापा. मायक्रोसॉफ्टच्या एका लोगोसाठी साऱ्या बाजाराने एक भाषा शिकली होती, तेव्हा एक शब्द छापणं काही अशक्य नाही.

तोवर दुकानात करण्यासारखं एक. डेमोच्या लॅपटॉपवर विंडोज असतंच. डिव्हाइस मॅनेजर उघडा, कॅमेऱ्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. यूएसबीपासून सुरू होणारी ओळ दिसली तर बेलाशक घ्या. दुसरंच काही दिसलं तर त्याचा फोटो काढा, घरी येऊन ते मॉडेल लिनक्सवर चालल्याचं कुणी लिहिलंय का शोधा, मग ठरवा. पुण्यात दोन दुकानांत मी हे केलंय. एकाने "साहेब, व्हायरस टाकताय काय?" असं विचारलं. दुसऱ्याने पूर्ण बघितलं आणि म्हणाला, परत दाखवा, बाकीच्या मॉडेलांचं पण बघून ठेवतो.