फी शंभराची, खर्च हजाराचा



डॉक्टर शंभरच रुपये घेतो म्हणणाऱ्याने एकदा आमच्याबरोबर तालुक्याला यावे. एस.टी.चे भाडे दोघांचे, मजुरी दोघांची बुडाली, आणि वेचणीचे दिवस असतील तर कापूस बोंडातून लोंबतो तो वेगळाच. वर रक्त-लघवीची तपासणी, सलाईन. (सलाईनशिवाय बरे वाटत नाही, ही सवय लावली कोणी?) मग औषधे. गोळी तीच, कंपनीचे नाव बदलले की किंमत दुप्पट-तिप्पट! २०१३ च्या औषध किंमत आदेशात यादीतल्या औषधांवर बंधन आहे. यादीबाहेरच्यांना वर्षाला १० टक्के वाढीची मोकळीक. कापसाला, ज्वारीला अशी मोकळीक कधी मिळाली?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य केंद्रांत उपचार मोफत आहेत. डॉक्टरच जागेवर नसेल तर मोफत ते काय? महात्मा फुले योजनेचे कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालते. साध्या तापाला चालत नाही.

गावोगाव वही घाला. केंद्रात डॉक्टर किती दिवस होता, कोणते औषध बाहेरून आणायला लावले, सगळे लिहा. जिल्ह्याच्या बैठकीला वह्या घेऊन या. आणि चिठ्ठीवर कंपनीचे नको, औषधाचे मूळ नाव लिहून मागा.