अतिथी विद्यार्थ्याला वऱ्हाडाने काय द्यावे?

राजगृहाहून तक्षशिलेला वैद्यक शिकावयास गेलेल्या जीवकाची कथा बौद्ध वाङ्मयात आली आहे. सात वर्षांच्या अध्ययनानंतर त्याच्या आचार्यांनी त्याची परीक्षा पोथीवर घेतली नाही. हाती खणण्याचे अवजार देऊन त्यांनी त्याला नगराभोवतीच्या योजनभर परिसरात पाठविले आणि औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला, कारण अशी वनस्पती त्याला आढळलीच नाही. त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचा निर्वाळा आचार्यांनी तेव्हाच दिला आणि वाटेपुरती शिदोरी देऊन त्याला निरोप दिला. दूर देशीच्या शिष्याला विद्येबरोबर ती विद्या वापरण्याचा अनुभवही द्यावयाचा असतो, ही जाणीव या भूमीला किती प्राचीन काळापासून होती, हे या कथेवरून ध्यानात येते.

आजचे चित्र मात्र वेगळे आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ या वर्षी भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांत नेपाळचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे २८ टक्के होता. याउलट २०२४ मध्ये परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या तेरा लाखांहून अधिक होती. या विषमतेची कारणे अनेक आहेत. परंतु शिक्षणानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर हे त्यांतील एक मोठे कारण होय. अमेरिका शिक्षणानंतर प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी मुदत देते. ब्रिटनने २०२१ मध्ये पदवीनंतर काही काळ थांबून काम करण्याची वाट मोकळी केली. अकोल्याचे वा अमरावतीचे मध्यमवर्गीय कुटुंब कर्ज काढून मुलाला परदेशी पाठविते, ते केवळ पदवीच्या कागदासाठी नव्हे. तेथे कामाचा अनुभव मिळेल, हा हिशेब त्यामागे असतो. मग भारतात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या आईवडिलांनीही तोच हिशेब मांडला, तर त्यात गैर काय?

वऱ्हाडाची खरी प्रयोगशाळा

पुण्या-मुंबईकडे परदेशी विद्यार्थ्यांचा जो ओघ आहे, तो वऱ्हाडाकडे नाही. तथापि देण्यासारखे वऱ्हाडापाशी पुष्कळ आहे. अकोल्यास २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीस १ मे १९८३ पासून कार्यरत असलेले, आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या माध्यमातून परदेशी विद्यार्थ्यांना देशातील कृषी विद्यापीठांत प्रवेश घेण्याची व्यवस्थाही आहे. या संस्थांच्या भिंतींबाहेर जो उद्योग पसरलेला आहे, तो तर कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून समृद्ध आहे.

अकोल्याच्या डाळ गिरण्यांचेच उदाहरण घ्यावे. तूर भरडणे हे वरकरणी सोपे वाटणारे काम आहे. प्रत्यक्षात तुरीची टरफले व डाळ यांच्यामध्ये चिकट डिंकाचा थर असतो आणि तो सुटल्याखेरीज दाणा स्वच्छ सोलला जात नाही. म्हणून दाणा आधी घासून त्यावर ओरखडे पाडावयाचे, मग त्यास तेलपाणी द्यावयाचे, वाळवावयाचा आणि नंतर भरडावयाचा. तेल किती, ऊन किती, दाणा किती वेळ मुरू द्यावयाचा, यावर डाळीचा उतारा ठरतो. हे गणित गिरणीतील जुन्या मिस्त्रीच्या बोटांत असते. याच ज्ञानाला विद्यापीठाच्या संशोधकांनी यंत्राचे रूप दिले आणि 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' गावोगावी पोहोचली. मोझांबिक, टांझानिया वा म्यानमार या तूर पिकविणाऱ्या देशांतील तरुणाने असे लहान यंत्र चालवावयास, दुरुस्त करावयास आणि त्याचा जमाखर्च मांडावयास शिकून घेतले, तर तो मायदेशी नोकरी शोधणारा न राहता चार जणांना काम देणारा होईल.

कापसाची गोष्टही तशीच. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतील चार देश कापसावर अवलंबून आहेत. तेथील शेतीही वऱ्हाडाप्रमाणे बहुतांशी पावसाच्या भरवशावरची. भारताने २०१२ पासून आफ्रिकी देशांसाठी कापूस तंत्र साहाय्याचा कार्यक्रम राबविला. जिनिंगमध्ये कापसाची आर्द्रता पाहणे, धाग्याची लांबी ओळखणे, रुईत मिसळलेला कचरा टाळणे, सरकी वेगळी करून १७० किलोची गाठ बांधणे, ही सारी कामे वऱ्हाडाच्या गावागावांत चालतात. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे वस्त्रोद्योग रुजला आहे आणि तेथील 'पीएम मित्र' उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. त्यात वरुड-मोर्शीकडील संत्र्याचा बहार, प्रतवारी व बाजार यांची भर घातली, म्हणजे या प्रदेशाची शिकविण्याची क्षमता केवढी आहे, याची कल्पना येते.

चौकट आहे, इच्छा हवी

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावांत जातात. 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' या नावांनी शेतकरी त्यांना ओळखतात. कृषी उद्योगाशी संलग्न राहून काम शिकणे हाही त्या कार्यक्रमाचा भाग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अन्य शाखांतही प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांकांचे स्थान दिले. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या तरुणास भारतात नोकरी करण्याची मुभा नसते. त्यामुळे अभ्यासक्रमाचे अंग म्हणून मिळणारा हा अनुभवच त्याच्यासाठी खरा आधार ठरतो.

परंतु चौकट असणे आणि तिच्यात प्राण असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. अनेक ठिकाणी कार्यानुभव म्हणजे कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन शिक्का घेऊन परतणे, असा प्रकार झाला आहे. प्रमाणपत्र हाती पडते, अनुभव पडत नाही. स्थानिक विद्यार्थी ओळखीपाळखीने उणीव भरून काढतो. काका-मामांच्या दुकानात, गावच्या जिनिंगमध्ये त्याला शिरकाव मिळतो. परदेशी विद्यार्थ्याचे येथे कोणी नसते. त्याची वर्षे वसतिगृह आणि वर्गखोली यांच्यातच सरतात आणि तो पदवी घेऊन, पण देश न पाहताच परत जातो. हा केवळ त्याचा तोटा नव्हे. उद्या तो आपल्या देशात कृषी अधिकारी, उद्योजक वा प्राध्यापक होईल, तेव्हा भारताविषयी तो जे बोलेल, ते कोणत्याही राजदूताच्या भाषणापेक्षा अधिक ऐकले जाईल.

आक्षेपांचा विचार

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. वऱ्हाडाचेच पदवीधर कामाच्या शोधात पुण्याची गाडी धरत असताना परदेशी मुलांची चिंता कशाला? आक्षेपामागील वेदना खरी आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. मात्र कार्यानुभव म्हणजे कोणाच्या तोंडचा घास काढून दिलेली नोकरी नव्हे. ज्या गिरणीमालकाने एका परदेशी विद्यार्थ्याला नीट शिकविण्याची घडी बसविली, त्याच घडीत दहा स्थानिक विद्यार्थी शिकू शकतात. दोघांच्या जोड्या लावल्या, तर वऱ्हाडी मुलाला इंग्रजीतून काम समजावून सांगण्याची सवय लागते आणि परदेशच्या बाजाराची ओळख होते. अकोल्यातील यंत्रनिर्मात्याला आफ्रिकेत ग्राहक हवा असेल, तर त्याचे यंत्र हाताळलेला तरुण तेथे असणे याहून मोठी जाहिरात कोणती?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तोही रास्त आहे आणि त्याचे उत्तर कायद्यात आहे. परदेशी विद्यार्थ्यांची माहिती देण्याचे दायित्व २०२५ च्या इमिग्रेशन व विदेशी नागरिक कायद्याने शिक्षणसंस्थांवर टाकले आहे. नोंदणी, मुदत आणि हजेरी यांत ढिलाई नको. पण नियम काटेकोर असावेत, वागणूक कोरडी नसावी. वर्ण पाहून खोली नाकारणारा घरमालक आणि रस्त्यात टोमणे मारणारे टोळके यांच्यामुळे देशाची सुरक्षा वाढत नाही, मान मात्र घटतो. 'अतिथी देवो भव' हे वचन पाहुण्याचा रंग विचारत नाही.

समाजाचा वाटा

सर्व काही विद्यापीठावर सोपवून चालणार नाही. ईशान्येकडील विद्यार्थ्यांना देशभरातील कुटुंबांत पाहुणे म्हणून ठेवण्याचा 'आंतरराज्य छात्र जीवन दर्शन' हा उपक्रम १९६६ पासून चालत आला आहे. ज्यांच्या घरी असे विद्यार्थी राहिले, त्यांना ते नाते जन्मभर पुरले. हाच धागा परदेशी विद्यार्थ्यांपर्यंत नेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक कुटुंब, जे सणाला त्याला जेवावयास बोलावील, कामापुरती मराठी शिकवील आणि अडल्यावेळी दवाखान्यात सोबत जाईल. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक उद्योजक, जो त्याला सहा आठवडे यंत्रापाशी उभे करील आणि शेवटी त्याने काय शिकले, हे प्रामाणिकपणे लिहून देईल. महाविद्यालयातील एक प्राध्यापक या दोघांना जोडील. एवढी साखळी जुळली, तरी पुष्कळ साधेल.

विद्येसाठी परदेशी जाणे काय असते, हे या मातीला ठाऊक आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळसारख्या खेड्यातून निघालेले पंजाबराव देशमुख इंग्लंडला जाऊन उच्चविद्याविभूषित झाले आणि परतल्यावर १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून त्यांनी ती विद्या समाजाला फेडली. गाडगेबाबांनी तर कीर्तनाआधी गाव झाडून घेण्याचा पाठ घातला. आधी हात, मग शब्द. या दोघांची नावे मिरविणाऱ्या विद्यापीठांच्या भूमीत आलेला परक्या देशाचा विद्यार्थी शिदोरीवाचून परतू नये. ती शिदोरी बांधून देणे अकोला-अमरावतीच्या घराघराला आणि गिरणीगिरणीला सहज शक्य आहे. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.