‘रक्त किती आहे?’

आम्ही दोघे पनवेलच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. काही दिवसांपूर्वी आमच्यापैकी एकाचा रसविचारावरचा तास संपला आणि मागच्या बाकावर चार-पाच डोकी एका मोबाईलच्या पडद्यावर वाकली. येऊ घातलेल्या एका भयपटाची झलक चालू होती. ‘गोष्ट कशाची आहे?’ असे विचारले, तर उत्तर आले, ‘गोष्ट माहीत नाही सर, पण रक्त भरपूर आहे.’ दुसऱ्याची तक्रार अशी की, किती आहे ते अजून नीट दाखवलेलेच नाही. नुकताच शिकवून झालेला बीभत्स रस वहीत मिटून ठेवलेला होता. वहीतला बीभत्स आणि पडद्यावरचे रक्त यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटले नव्हते. याचा दोष मुलांना द्यावा की आम्हांला, हा या लेखाचा विषय आहे.

भयपटाची जाहिरात फार पूर्वीपासून गोष्ट बाजूला ठेवून प्रेक्षकाच्या छातीलाच आव्हान देत आली आहे. 1958 साली अमेरिकेत विल्यम कॅसल या निर्मात्याने ‘मकाब्र’ हा चित्रपट आणला, तेव्हा भीतीने मृत्यू आल्यास हजार डॉलर देणारा विमा प्रत्येक प्रेक्षकाच्या नावे उतरवल्याचा गाजावाजा केला. आपल्याकडे रॅमसे बंधूंच्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून (1972) ‘पुराना मंदिर’पर्यंत (1984) ‘फक्त प्रौढांसाठी’ हा शिक्का निषेधाचा न राहता निमंत्रणाचा झाला. 2008 साली राम गोपाल वर्मा यांनी ‘फूंक’ हा चित्रपट चित्रगृहात एकट्याने बसून पाहणाऱ्यास 5 लाख रुपये देऊ केले. 2024 साली ‘टेरिफायर 3’ हा अमेरिकी चित्रपट आला, तेव्हा प्रेक्षक मध्येच उठून गेले, कोणाला मळमळले, अशा बातम्यांनी जाहिरातीचेच काम केले. त्याच वर्षीचा मलयाळम ‘मार्को’ भयपट नव्हे, पण तोही देशातील सर्वांत हिंसक चित्रपट म्हणून विकला गेला.

या सर्व उदाहरणांत चित्रपट पाहणे ही एक शर्यत होऊन बसते. तुम्ही टिकाल का, एवढाच प्रश्न. शर्यतीला माप लागते. आणि धैर्य मोजता येत नाही म्हणून रक्त मोजले जाते. पुढच्या चित्रपटाला मागच्याहून अधिक रक्त दाखवणे भाग पडते, आणि त्यातले सर्वांत दाहक तुकडे झलकेत आधीच खर्ची पडतात. ज्या क्षणाची वाट पाहायची, तोच क्षण प्रेक्षकाने तिकीट काढण्यापूर्वी दहादा पाहिलेला असतो.

असे म्हणून आम्ही नाक मुरडून मोकळे झालो असतो, तर ते सोपे होते. आमच्या पिढीतल्या मराठीच्या प्राध्यापकांनी बहुधा तेच केले आहे. अडचण अशी की, ज्या ग्रंथाचा आम्ही तासाला हवाला देतो, त्या ग्रंथाने असे नाक मुरडलेले नाही. भरताने आठ रसांत बीभत्साला मानाने जागा दिली, त्याचा स्थायीभाव जुगुप्सा सांगितला आणि त्याचे भेद करताना रक्तादिकांनी क्षोभ उत्पन्न करणारा बीभत्स वेगळा काढला. याहून महत्त्वाचे असे की, शृंगारातून हास्य, रौद्रातून करुण, वीरातून अद्भुत अशी रसांची उत्पत्ती सांगताना त्याने भयानकाचा उगम बीभत्सात मानला आहे. रक्त पाहून भय वाटते, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. तरीही युद्ध आणि मरण रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नये, ते प्रवेशकातून सूचित करावे, असा संकेत त्याच ग्रंथात आहे. आणि ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर मरू देऊन हा संकेत मोडणारे नाटकही आपल्याच परंपरेत आहे. म्हणजे दाखवावे की न दाखवावे, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. त्यातून आम्हांला एक कसोटी हाती लागते: पडद्यावरची किळस भयापर्यंत पोहोचते का, की किळस किळसच राहते?

या कसोटीवर ‘तुंबाड’ पाहावा. 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झालेल्या या हिंदी चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे पुत्र. पटाचे बीज नारायण धारपांच्या एका कथेत आहे. नागझिऱ्याच्या जंगलात रात्री एका मित्राने ती कथा आपल्याला ऐकवली, असे बर्वे यांनी सांगितले आहे. बीभत्स या पटात कमी नाही. मांसल, लालभडक भिंतींचे ते गर्भगृह, जिच्या देहातून झाड उगवले आहे आणि जिला मरणही येत नाही अशी ती म्हातारी, पिठाच्या बाहुलीवर तुटून पडणारा हस्तर. तरी यातले काहीही रक्ताचे माप वाढवण्यासाठी आलेले नाही. 1918 पासून 1947 पर्यंत चालणाऱ्या या गोष्टीत मोठा झालेला विनायकराव त्या विहिरीत पुनःपुन्हा उतरतो, मुद्रा घेऊन वर येतो, आणि एके दिवशी आपल्या मुलाला उतरायला शिकवतो. प्रेक्षकाला खरी धास्ती बसते ती त्या शिकवणीच्या वेळी, बापाचा हव्यास मुलाच्या डोळ्यांत चमकताना. तोवर आपल्याला वाटलेली किळस त्या धास्तीची पूर्वतयारी होती, हे तेव्हा उमगते.

असा चित्रपट 2018 साली फारसा चालला नाही. पुढची सहा वर्षे लोकांनी तो घरी पाहिला, एकमेकांना सांगितला. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा चित्रगृहांत आला, तो गौरी-गणपतींचे विसर्जन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. कोकणातून परतलेली आमची मुले पनवेलच्या चित्रगृहांत जाऊन बसली, आणि त्यांपैकी कित्येकांना पट आधीच पाठ होता. या दुसऱ्या खेपेची कमाई पहिलीपेक्षा अधिक झाली. पहिल्या खेपेच्या जाहिरातीला जे साधले नाही, ते तोंडी सांगण्याने साधले. धारपांची कथाही बर्वे यांच्यापर्यंत अशीच, कानावाटे पोहोचली होती.

त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली आणि उत्कंठेची जबाबदारी पुन्हा जाहिरातीकडे आली. आम्हांला खरी काळजी इथे वाटते. पहिल्या भागाची ओढ लोकांच्या आठवणीने निर्माण केली होती. दुसऱ्याची ओढ निर्माण करणाऱ्यांना ‘आधीपेक्षा अधिक’ एवढा एकच शब्दप्रयोग ठाऊक असेल, तर आमची मुले हस्तरचेही रक्तच मोजतील.

पण त्यांना दुसरे काही मोजायला आम्ही शिकवले कधी? श्री. ना. पेंडसे यांचे ‘तुंबाडचे खोत’ (1987) आम्ही आदराने शिकवतो. जगबुडीच्या काठचे, खेड तालुक्यातले ते तुंबाड इथून फार दूर नाही. पनवेलहून गोव्याकडे निघणारा महामार्ग खेडवरूनच जातो. एका घराण्याचा हव्यास आणि पडझड हा त्या कादंबरीचाही विषय आहे. मात्र त्याच गावाच्या नावाने आलेल्या चित्रपटाच्या मुळाशी असलेले धारप आम्ही एम.ए.ला शिकलो नाही, आणि प्राध्यापक झाल्यावर अभ्यासक्रमात त्यांच्यासाठी जागाही मागितली नाही. रत्नाकर मतकरींचा ‘खेकडा’ आम्ही चोरून वाचला आणि वर्गात त्याचे नाव काढले नाही. वाचनालयातल्या त्या पुस्तकांची पाने सुटेपर्यंत लोक ती वाचत होते. समीक्षा मात्र दाराबाहेर उभी राहिली. ज्या साहित्यप्रकाराला समीक्षक शब्द देत नाहीत, त्याला शब्द देण्याचे काम जाहिरातदार करतात. ‘रक्त किती आहे?’ हा प्रश्न मुलांना जाहिरातीने दिला, हे खरेच. पण त्यांच्याकडे दुसरा प्रश्न नव्हता, ही कसूर आमची आहे.

पुढच्या सत्रात बीभत्स शिकवताना आम्ही धारपांची एक कथा वर्गात मोठ्याने वाचणार आहोत, खिडक्या उघड्या ठेवून, भर दुपारी. ती वाचून झाली की मुलांना एवढेच विचारायचे आहे: किळस नेमकी कुठे आली, आणि भीती कुठे सुरू झाली? त्या दोन जागा एकच निघाल्या, तरी हरकत नाही. निदान त्या शोधण्यासाठी गोष्ट पुन्हा वाचावी लागेल.