मार खाल्ला, हा आईचा गुन्हा?

आईने मार खाल्ला म्हणून तिचेच मूल काढून घ्यावे, हा कुठला न्याय? न्यूयॉर्क शहरात असे घडत होते. मारहाणीची वर्दी मिळताच बालकल्याण खाते, पुष्कळदा न्यायालयाच्या हुकुमाची वाटही न पाहता, मुलांना परक्या घरी ठेवी आणि कौटुंबिक न्यायालयात आईवरच हेळसांडीचा ठपका ठेवी.

अशा मातांनी दाद मागितली. ‘निकोल्सन’ खटल्यात न्यायमूर्ती जॅक वाइनस्टीन यांनी २००२ साली ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. २००४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने बजावले की, मुलाने मारहाण पाहिली एवढ्यावरून आई दोषी ठरत नाही. घरातील धोका आणि ताटातुटीने होणारी इजा, दोन्ही तोलूनच निर्णय व्हावा.

अशा घरात मुलांना धोका असतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण बाहेर काढायचेच तर मारणाऱ्याला काढा. मूल हिरावले जाईल या धाकाने आई तक्रारच करणार नाही. मग दोघांचेही रक्षण कोण करणार?

आपल्याकडे २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याच्या २१ व्या कलमान्वये दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात. कायदा तिच्या बाजूने उभा आहे. आपण कोठे आहोत? आपल्या धर्मग्रामांत तिला विचारले जाते, ‘आधीच घर का सोडले नाहीस?’ ‘हात का उगारलास?’ असे त्याला कोणी विचारले?