ठाण्याची रोजकीर्द कोणीं तपासावी ?

चोऱ्या, कोयत्यांचे हल्ले आणि रस्त्यावरील दांडगाई ह्यांविषयीं पुणें शहरांत जितकें बोललें जातें, तितकें दुसऱ्या क्वचितच एखाद्या विषयावर बोललें जात असेल. मंडईंत, लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांत, नव्या वसाहतींच्या फाटकांशीं, “पोलीस करतात तरी काय ?” हा एकच प्रश्न ऐकूं येतो. प्रश्न रास्त आहे. पण तो ज्यास विचारावयाचा त्यास न विचारतां शेजाऱ्यास विचारून लोक घरीं जातात, ही त्यांतील खरी उणीव होय. शहराची सुरक्षितता पोलिसांच्या संख्येपेक्षां किंवा त्यांच्या दंडुक्यापेक्षां, ठाण्यास आपल्या कामाचा हिशेब कोणास द्यावा लागतो ह्यावर अधिक अवलंबून असते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अलीकडील दोन गोष्टी पाहा. ता. १९ मे २०२४ रोजीं पहाटे कल्याणीनगरांत भरधांव मोटारीच्या धडकेनें एक तरुण व एक तरुणी ठार झालीं. अल्पवयी आरोपीस ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाल्याचें कळतांच शहर खवळलें. त्यानंतर येरवडा ठाण्याच्या दोन अधिकाऱ्यांचें निलंबन झालें, आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयांतील दोन डॉक्टरांस अटक झाली. पुढें ता. २५ फेब्रुवारी २०२५ रोजीं पहाटे स्वारगेटच्या एस्. टी. आगारांत, उभ्या असलेल्या गाडींत, एका तरुणीवर अत्याचार झाल्याची फिर्याद आली. पोलीस ठाणें तेथून हांकेच्या अंतरावर होतें, आणि ज्यास पुढें पकडलें त्याच्यावर पूर्वींचे गुन्हे नोंदलेले होते. दोन्ही वेळीं लोकक्षोभ झाला, तो योग्यच होता, आणि त्यामुळें यंत्र हाललें. परंतु ज्या म्हातारीचें मंगळसूत्र भररस्त्यांत तोडलें जातें, किंवा ज्या भाजीवाल्याची हातगाडी गल्लींतला दादा हप्त्यासाठीं उलथून टाकतो, त्यांच्यासाठीं शहर खवळत नाहीं. त्यांना आधार एकच, आणि तो ठाण्यांतील नोंदवहीचा.

आमच्या व्यापारी वाचकांस रोजकीर्द म्हणजे काय हें सांगावयास नको. ज्या पेढीच्या कीर्दींत जमेच्या रकमा तेवढ्या चढतात आणि नुकसान लिहिलेंच जात नाहीं, ती पेढी कागदावर भरभराटींत असतां एके दिवशीं दिवाळें काढते. ठाण्याचीहि गोष्ट हीच. मोबाईल चोरीस गेला असतां तो ‘गहाळ’ म्हणून लिहून घेणें, मारहाण झाली असतां अदखलपात्र नोंदीचा चिठोरा हातीं देणें, ‘हद्द आमची नाहीं’ म्हणून पलीकडच्या ठाण्याची वाट दाखविणें, ह्या युक्त्या ठाण्याची पायरी चढलेल्या नागरिकांच्या ओळखीच्या आहेत. अशानें गुन्हा नाहींसा होत नाहीं. तो फक्त आंकड्यांतून नाहींसा होतो, आणि करणारा मोकळा राहून दुसऱ्या गल्लींत जातो.

कायदा ह्या बाबतींत मुका नाहीं. ललिताकुमारीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं असा निर्णय दिला कीं, खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर ती नोंदलीच पाहिजे. ता. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानें हद्दीची सबब काढून टाकली. गुन्हा कोठेंहि घडो, खबर कोणत्याहि ठाण्यांत देतां येते व तिची नक्कल फुकट मिळते. ठाणें नोंद करीत नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागतां येते, आणि तेथेंहि निराशा झाल्यास मॅजिस्ट्रेटाकडे जातां येतें. तपास कोठवर आला हें ९० दिवसांच्या आंत कळविण्याचें बंधन १९३ व्या कलमानें घातलें आहे. मात्र तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आंतील शिक्षेच्या गुन्ह्यांत नोंदीपूर्वीं १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची जी मुभा ह्याच संहितेनें दिली आहे, ती पळवाट होऊं नये म्हणून लोकांनीं जागरूक राहावें. हक्क कागदावर आहे. तो मागणाराच विरळा.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. नोंद टाळण्याच्या मोहास लोकमताचाहि हातभार लागतो. आंकडा वाढला कीं सभेंत व कायदेमंडळांत ठाण्याच्या नांवानें ओरड होते. आंकडा उतरला कीं पाठ थोपटली जाते. मग जो अधिकारी प्रामाणिकपणें प्रत्येक खबर लिहून घेईल तो नालायक ठरणार, आणि जो फिर्यादीस परत पाठवील तो कर्तबगार ! आंकडा वाढणें हें कित्येकदां गुन्हे वाढल्याचें नसून ठाण्याचें दार उघडल्याचें लक्षण असतें. म्हणून ‘गुन्हे किती झाले’ एवढेंच न विचारतां, खबरी किती आल्या, त्यांतील किती नोंदल्या, न्यायालयांत किती गेल्या, आणि गेलेला माल किती परत मिळाला, हे चार प्रश्न विचारावयास शिकलें पाहिजे.

हिशेब वर द्यावयाचा व खालीं दरडावयाचें, ही कोतवालीची रीत आमच्याकडे जुनी आहे. घाशीराम कोतवालास नाना फडणविसांचा आश्रय होता तोंवर पुणेकरांचीं गाऱ्हाणीं कोणीं ऐकिलीं नाहींत. १७९१ सालीं त्यानें कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, आणि मग जमावानें त्यास दगडांनीं ठेंचलें. जेथें तक्रारीस दार नसतें तेथें शेवटीं दगड हातीं येतो, हा त्या प्रसंगाचा धडा होय. इंग्रजांनीं उठावानंतर १८६१ सालीं जो पोलीस कायदा केला, त्याचाहि मुख्य हेतु सत्ता राखणें हाच होता. आमच्या प्रांतासाठीं १८९० चा व स्वराज्यांत १९५१ चा कायदा निराळा झाला, तरी ठाण्याची नजर वरच राहिली. प्रकाशसिंग ह्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें २२ सप्टेंबर २००६ रोजीं सात आदेश दिले. अधिकाऱ्यांस ठराविक मुदत, तपासाचें काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळें करणें, आणि तक्रार प्राधिकरणें ह्या गोष्टी त्यांत होत्या. महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायदा दुरुस्त करून मुदत व प्राधिकरण हीं दोन्ही त्यांत घातलीं. पण मुदतीपूर्वीं बदली करण्याची किल्ली सरकारनें आपल्याच कंबरेस ठेविली. ज्यास बदलीची टांगती तलवार दिसते, तो अधिकारी फिर्यादीच्या तोंडाकडे पाहील कीं वरिष्ठांच्या ?

हिशेब मागण्याऐवजीं लोक हल्लीं तमाशावर समाधान मानूं लागले आहेत. आरोपींस त्यांच्याच वस्तींतून पोलिसांनीं फिरविलें कीं टाळ्या पडतात. शिक्षा करणें हें न्यायाधीशाचें काम आहे. धिंडीनें पुरावा गोळा होत नाहीं. आणि आज दुसऱ्याच्या मुलासाठीं वाजविलेली टाळी उद्यां आपल्या निरपराध मुलाच्या पाठीवर पडणार नाहीं, अशी हमी कोण देईल?

उपाय नवा नाहीं. १९७० व १९८४ सालीं दंग्यांत होरपळलेल्या भिवंडींत १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला कमिट्या स्थापिल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांस पोलिसांबरोबर एका बैठकीवर बसविलें, आणि हें काम दंगा नसतांना चालू ठेविलें. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. परस्परांस ओळखणारे पोलीस व रहिवासी काय करूं शकतात, ह्याचा याहून मोठा दाखला कोणता हवा ?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक ठाण्यानें महिन्यांतून एक दिवस, ठरलेल्या वेळीं, वरील चार प्रश्नांचीं उत्तरें उघड सभेंत वाचून दाखवावीं. आणि त्या सभेस निवडक निमंत्रितांसच नव्हे, तर हद्दींतील कोणाहि रहिवाशास येण्याची मोकळीक असावी. शिपायांसहि न्याय मिळाला पाहिजे. उत्सवांचा व बड्यांच्या स्वाऱ्यांचा बंदोबस्त करून जो थकला त्यानें तपास कधीं करावा? मुंबईच्या देवनार ठाण्यांत २०१६ सालीं सुरू झालेला आठ तासांच्या पाळीचा प्रयोग ह्याच विचारांतून निघाला होता.

पण हिशेब घेणाराहि प्रामाणिक हवा. दुकानाची वेळ मोडते म्हणून पंच होण्याचें टाळणारा, किंवा खटला उभा राहिल्यावर साक्ष फिरविणारा, पोलिसांस दोष देण्याचा निम्मा अधिकार गमावून बसतो. हप्ता मागणाऱ्याच्या भीतीनें एकटा दुकानदार पुढें येत नसेल, तर पेठेंतील व्यापाऱ्यांनीं मंडळाच्या वतीनें त्याच्यासह ठाण्यांत जावें. एकास धमकावणें सोपें, पेठेस धमकावणें कठीण. कट्ट्यावरची तक्रार लेखी होऊन ठाण्यांत जावो, तिची नक्कल घरीं येवो, आणि तिचें काय झालें हें विचारावयास ९० व्या दिवशीं तोच मनुष्य पुन्हां ठाण्याची पायरी चढो. कीर्द तपासणारा धनी रोज पेढीवर येतो असें दिसलें, म्हणजे मुनीमहि जमाखर्च नीट लिहूं लागतो.