प्रेक्षक पाठ कां फिरवितात ?

विजय मिळाला म्हणजे लोक मागें धांवतात आणि पराभव झाला म्हणजे ते पाठ फिरवितात, असा समज सर्वत्र रूढ आहे. गांवच्या जत्रेंतील कुस्तीच्या फडापासून तों मोठमोठ्या नगरांतील क्रीडागृहांपर्यंत हाच एक नियम चालतो असें आपण गृहीत धरतों. ह्या समजांत सत्याचा अंश आहे. परंतु तें पूर्ण सत्य नव्हे. ह्याची साक्ष पाहावयाची असल्यास अमेरिकेंतील शार्लट शहराच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास पाहावा. ज्या संघाचे सामने पाहण्यास आरंभीं जागा पुरत नसे, त्याच्याच क्रीडागृहांत चौदा वर्षांच्या आंत निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहूं लागल्या. आणि आश्चर्य हें कीं, पहिल्या वर्षीं लोटालोट होती तेव्हां संघ सारखा हरत होता, आणि शेवटीं खुर्च्या रिकाम्या पडल्या तेव्हां तो जिंकत होता!

बास्केटबॉल हा मुळांत शाळेचा खेळ. १८९१ सालच्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नायस्मिथ ह्या शिक्षकानें, कडक हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून, तो योजून काढला. सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लाविले, आणि खेळ सुरू झाला. पुढें त्याचा धंदा झाला. संघाला मालक आला, खेळाडूला वेतन आलें आणि प्रेक्षकाला तिकीट आलें. अमेरिकेंतील धंदेवाईक संघाला आतां एका हंगामांत ८२ सामने खेळावे लागतात, व त्यांपैकीं ४१ सामने सामान्यतः स्वतःच्या गांवीं होतात. एकदां क्रीडागृह भरणें सोपें. एका हंगामांत एकेचाळीस वेळां तें भरणें, तेंही वर्षानुवर्षें, ही गोष्ट निराळी.

शार्लट हें नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील शहर. जो लॉर्ड कॉर्नवॉलिस पुढें हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला, त्यानेंच १७८० सालीं स्वातंत्र्ययुद्धांत ह्या गांवाला गांधीलमाशांचें पोळें म्हटलें, असें तेथें अभिमानानें सांगतात. १९८८ सालीं शहराला धंदेवाईक संघ मिळाला, तेव्हां नागरिकांच्याच पसंतीनें त्याचें नांव ‘हॉर्नेट्स’ म्हणजे ‘गांधीलमाशा’ असें ठेवण्यांत आलें. पहिलाच सामना ४० गुणांनीं गमावला. तरीही लोकांनीं उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. त्या वर्षीं संघानें २० सामने जिंकले व ६२ गमाविले. परंतु प्रत्येक सामन्याला सरासरीनें सुमारें २३,००० लोक येत, आणि त्या वर्षीं देशांत इतकी गर्दी दुसऱ्या कोणत्याही संघाला लाभली नाहीं. पुढें तर सारीं तिकिटें खपलेले असे लागोपाठ ३६४ सामने झाले. संघांत मग्सी बोग्ज हा अवघा ५ फूट ३ इंच उंचीचा खेळाडू होता. सहा-साडेसहा फुटी धिप्पाडांमधून तो वाट काढूं लागला म्हणजे प्रत्येक सामान्य माणसाला आपणच मैदानांत उतरल्यासारखें वाटे.

आतां दुसरें टोंक पाहा. २००१-०२ च्या हंगामांत ह्याच संघानें ४४ सामने जिंकले, ३८ गमाविले, व अखेरच्या बाद स्पर्धेंत पहिली फेरीही ओलांडली. तथापि त्या वर्षीं प्रेक्षकांची सरासरी अकरा हजारांच्या आसपास उतरली, आणि स्पर्धेंतील २९ संघांमध्यें गर्दीच्या बाबतींत ह्या संघाचा क्रम अगदीं शेवटचा लागला. त्याच वर्षीं मालकानें संघ उचलून न्यू ऑर्लीन्स शहरीं नेला.

असें कां झालें ? कित्येकांचें म्हणणें असें कीं, त्या गांवाला खेळाची गोडीच नव्हती. हें तर सर्वथा अमान्य करावें लागेल. नॉर्थ कॅरोलायनामधील महाविद्यालयांचे बास्केटबॉल सामने सर्व देशांत गाजलेले आहेत, आणि सुप्रसिद्ध मायकल जॉर्डन ह्याच राज्यांत लहानाचा मोठा झाला. दुसरे म्हणतात, १९९५ सालीं तेथें धंदेवाईक फुटबॉलचा संघ आला व त्यानें प्रेक्षक ओढून नेले. हें कारण कांहीं अंशीं खरें. कुटुंबाचा करमणुकीचा पैसा एकच, आणि तो दोन ठिकाणीं खर्च होत नाहीं. परंतु फुटबॉलचा संघ आल्यावरही दोन वर्षें क्रीडागृह भरतच होतें. तिसरे म्हणतात, क्रीडागृह गांवाच्या मध्यभागापासून दूर होतें. पण तें पहिल्या दिवसापासून तेथेंच होतें ! १९८८ सालीं जें अंतर लोकांना जवळचें वाटलें, तेंच २००२ सालीं लांबचें कां वाटावें ? मैल वाढले नव्हते. मन दुरावलें होतें.

माझ्या मतें खरें कारण हेंच आहे. ज्या खेळाडूंवर गांवानें जीव लाविला होता, ते एकामागून एक निघून गेले. अलोंझो मोर्निंगनें १९९३ सालीं बोस्टनच्या नामांकित संघाला शेवटच्या क्षणीं चेंडू टाकून बाद केलें होतें. वेतनाविषयीं एकमत न झाल्यामुळें १९९५ सालीं त्याला मायामीस धाडण्यांत आलें. १९९६ सालीं लॅरी जॉन्सन न्यूयॉर्कला गेला. १९९७ सालीं तर बोग्जलाही दुसऱ्या संघाकडे देऊन टाकण्यांत आलें; आणि त्याच सालीं त्या ३६४ सामन्यांची परंपरा खंडित झाली. त्यांच्या जागीं आलेले खेळाडू कमी प्रतीचे होते असें मुळींच नव्हे. १९९६-९७ सालीं संघानें तब्बल ५४ सामने जिंकले. परंतु नव्या खेळाडूशीं ओळख करून घेईपर्यंत तोही जाणार कीं काय, ही शंका एकदां मनांत शिरली म्हणजे प्रेम करण्यास मन कचरतें.

ह्यांत भर पडली ती मालक जॉर्ज शिन ह्यांच्या धोरणाची. जेमतेम दहा-बारा वर्षांचें क्रीडागृह त्यांना अपुरें वाटूं लागलें. कारण त्यांत श्रीमंतांकरितां राखीव दालनें थोडीं होतीं, आणि नवीन काळांत संघांचें मोठें उत्पन्न अशाच दालनांपासून येतें. नवें क्रीडागृह नगरानें करांच्या पैशांतून बांधावें, नाहीं तर संघ दुसरीकडे नेऊं, असा एकंदर सूर निघूं लागला. १९९९ सालीं त्यांच्या खाजगी वर्तनाविषयीं एक दिवाणी खटला झाला. ज्यूरीचा निर्णय त्यांच्या बाजूनें लागला, तरी लोकमत मात्र त्यांच्यावर प्रसन्न राहिलें नाहीं. अखेर २००१ सालच्या जूनमध्यें सार्वमत घेण्यांत आलें, तेव्हां नव्या क्रीडागृहाच्या योजनेविरुद्ध शेंकडा ५७ मतें पडलीं.

मालकाचीही बाजू आहे, आणि ती न ऐकतां निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं. खेळाडूंचीं वेतनें कोट्यवधींच्या घरांत गेलीं होतीं; मोठ्या शहरांचे संघ अधिक देऊं शकत होते; तोटा सोसून संघ चालवावा असा कोणाचाही आग्रह असूं शकत नाहीं. हें सर्व खरें. परंतु संघ म्हणजे कापडाचें दुकान नव्हे. दुकानदारानें गांव बदलला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातें व त्याला दुःख होत नाहीं. संघाला मात्र गांव आपलें नांव देतो, आपल्या मुलांना त्याच्या रंगाचे सदरे घालतो, त्याचे पराभव स्वतःचे समजतो. असें प्रेम फुकट घ्यावयाचें, आणि मग “पैसे द्या, नाहीं तर जातों” असें म्हणावयाचें, हा व्यवहार लोकांच्या मनाला लागला. त्यांनीं दंगा केला नाहीं. ते फक्त घरीं बसले.

पुढील हकीकतही बोधप्रद आहे. २००४ सालीं शार्लटला ‘बॉबकॅट्स’ नांवाचा नवा संघ मिळाला, आणि २००५ सालीं त्याच्याकरितां शहराच्या मध्यभागीं नवें क्रीडागृह उघडलें. तरीही पूर्वीची गर्दी परतली नाहीं. शेवटीं २०१४ सालीं जुनें ‘हॉर्नेट्स’ हें नांव परत आणावें लागलें, आणि लोकांनीं तें आनंदानें स्वीकारलें. जागा विकत घेतां आली, आपलेपणा विकत घेतां आला नाहीं.

आपल्याकडे मुंबईंत नागपाड्याचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. तेथील दाट वस्तींतल्या मोहल्ल्यांत बास्केटबॉल पिढ्यान्‌पिढ्या रुजला आहे. तेथूनच भारताचे कर्णधार झालेले अब्बास मुंतसीर पुढें आले व १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले. तेथें श्रीमंतांचीं दालनें नाहींत. पण खेळणारा मुलगा कोणाचा, हें पाहणाऱ्याला ठाऊक असतें.

विद्यार्थिमित्रहो, ह्यांतून आपण काय घ्यावें ? आपल्या शाळेचे सामने होतात तेव्हां अंतिम सामन्यालाच मैदानाभोंवतीं कडें पडतें. पहिल्या फेरीला मात्र राखीव खेळाडू आणि पंच ह्यांवांचून कोणी नसतें. शार्लटच्या नागरिकांनीं हरणाऱ्या संघासाठीं उभे राहून टाळ्या वाजविल्या, त्याच दिवशीं तो संघ खऱ्या अर्थानें त्यांचा झाला. विजयाच्या दिवशीं येणारा हा पाहुणा होय. पराभवाच्या दिवशीं येणारा घरचा. आणि जे कर्णधार होतील, पुढें एखाद्या संस्थेचे चालक होतील, त्यांनीं दुसरी बाजू ध्यानांत ठेवावी : लोकांची निष्ठा ही ठेव आहे, मिळकत नव्हे. ती सांभाळावयाची असते, गहाण टाकावयाची नसते.

पालकांनाही एक विनंती. मुलाचा संघ जिंकला कीं हरला हें संध्याकाळीं घरीं विचारण्यापेक्षां, वर्षांतून एखादा सामना मैदानाच्या कडेला उभें राहून पाहावा. त्याला तिकीट नाहीं. आणि त्या मुलांना त्याची किंमत फार मोठी वाटते.